‘वॉक’चे अर्थ, त्याचे प्रतिशब्द आणि नेमका शब्द निवडण्याची रीत

‘ती तरातरा निघून गेली.’ हे वाक्य इंग्रजीत लिहायला सांगितलं की बहुतेक जण लिहितात, ‘शी वॉक्ट अवे अँग्रिली.’ व्याकरणात चूक नाही, अर्थही पोचतो, पण ‘तरातरा’ वाटेतच गळून पडतं. इंग्रजी ज्याच्या तोंडात रुळलेली आहे तो इथे म्हणेल, ‘शी स्टॉर्म्ड ऑफ.’ सगळा राग क्रियापदातच मावला, वेगळं ‘अँग्रिली’ लागलंच नाही.

आपल्या भाषेत चालणं, जाणं, येणं अशी मोजकी क्रियापदं असतात आणि चालण्याची तऱ्हा आपण त्यांच्या आधी ठेवतो: झपाझप, तुरुतुरु, दुडूदुडू, पाय ओढत, दबकत. इंग्रजी तीच तऱ्हा क्रियापदाच्या पोटात ठेवते. म्हणून तिच्याकडे चालण्याची इतकी क्रियापदं जमली आहेत. त्यांची यादी पाठ करून काही हाती लागत नाही, हे मी शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. प्रत्येक शब्दाला त्याची मराठी तऱ्हा भेटली, की मात्र तो कायमचा लक्षात राहतो.

पहिली पायरी: ‘वॉक’ नीट वापरता येणं

प्रतिशब्दांकडे जाण्याआधी मूळ शब्द पक्का हवा. यातला ‘एल’ उच्चारात नाही, ‘टॉक’ आणि ‘चॉक’मध्ये नसतो तसाच. भूतकाळी रूपाचा उच्चार ‘वॉक्ट’, एका झटक्यात, ‘वॉकेड’ नव्हे. ‘वॉक’मधला स्वर लांब आणि गोल ठेवावा, नाहीतर ऐकणाऱ्याला ‘वर्क’ ऐकू येतं आणि ‘मी रोज चालतो’चं ‘मी रोज काम करतो’ होतं.

आपल्याकडून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘आय गो टू ऑफिस बाय वॉक.’ बसने, रेल्वेने या ओळीत आपण ‘चालत’ही बसवतो आणि ‘बाय’ लावून टाकतो. ‘बाय’ वाहनाला लागतो. पायी जाण्यासाठी ‘आय वॉक टू ऑफिस’ किंवा ‘आय गो ऑन फुट’. पहिलं वाक्य जास्त सहज आहे.

दुसरी गोष्ट, ‘चालत जाणं’ आणि ‘फिरायला जाणं’ हा आपला फरक इंग्रजीतही जसाच्या तसा आहे. ‘वॉक टू द स्टेशन’ म्हटलं की स्टेशन गाठायचं आहे, चालणं हे फक्त साधन. ‘गो फॉर अ वॉक’ म्हटलं की चालणं हाच हेतू. मात्र आपण सहलीलाही ‘फिरायला गेलो होतो’ म्हणतो. तिथे ‘वॉक’ आणू नका, ‘ट्रिप’ म्हणा.

आणि उलट बाजूही सांभाळावी लागते, कारण मराठी ‘चालणं’ फार लांबपर्यंत पसरलेलं आहे. घड्याळ चालतं तिथे इंग्रजीत ‘वर्क’, यंत्र किंवा धंदा चालतो तिथे ‘रन’, भांडण चाललं होतं तिथे ‘गोइंग ऑन’, आणि ‘उद्या आलं तर चालेल का?’ इथे ‘विल इट बी ऑल राइट?’ यांपैकी एकाही ठिकाणी पाय नाहीत, म्हणून ‘वॉक’ नाही.

गंमत अशी, की ‘वॉक’च्या मुळाशीही पायी जाणं नव्हतं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता लोळणं, उलटसुलट होणं, लाटांवर हेलकावणं. त्याच धातूवरून लोकरीचं कापड घट्ट करण्यासाठी ते पाण्यात तुडवण्याच्या कामालाही शब्द तयार झाला. ते काम करणारा तो ‘वॉकर’, आणि हे आडनाव आजही सर्रास आढळतं. जर्मनमध्ये ‘वाल्केन’ म्हणजे अजूनही लोकर किंवा कापड असं घोटणं. पायी चालण्याचा अर्थ इंग्रजीत साधारण तेराव्या शतकापासून पक्का होत गेला.

दुसरी पायरी: एका शब्दाची अनेक घरं

शरीराच्या दृष्टीने चालण्याची व्याख्या सोपी आहे: एक तरी पाऊल कायम जमिनीवर असतं. धावताना काही क्षण दोन्ही पावलं हवेत असतात. चालण्याच्या शर्यतीचा नियमही याच्यावरच उभा आहे. डोळ्यांना दिसेल इतका जमिनीशी संपर्क तुटता कामा नये, आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली सरळ येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. ऑलिंपिकमध्ये चालण्याच्या स्पर्धा १९०८पासून आहेत. घोड्याच्या चार मुख्य चालींतली सर्वांत संथ चाल ‘वॉक’, त्यापुढे ट्रॉट, कँटर आणि गॅलप.

पण शब्द व्याख्येत बसून राहत नाही. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यानातून बाहेर पडून अंतराळात तरंगले. पायाखाली जमीनच नव्हती, तरी इंग्रजीने त्याला ‘स्पेसवॉक’ म्हटलं.

सकर्मक वापराकडे विशेष लक्ष द्या, कारण मराठीत तिथे वेगळंच क्रियापद येतं. ‘वॉक द डॉग’ म्हणजे कुत्र्याला फिरवून आणणं. ‘वॉक समवन होम’ म्हणजे सोबत चालत जाऊन घरी पोचवणं. ‘वॉक अ बायसिकल’ म्हणजे सायकलवर न बसता ती हातात धरून नेणं. आणि कार्यालयांत रोज कानावर पडणारं ‘वॉक मी थ्रू इट’ म्हणजे पायरीपायरीने समजावून सांगा.

नाम म्हणून ‘वॉक’ म्हणजे फेरफटका, पायवाट किंवा अंतर. ‘अ टेन-मिनिट वॉक’मध्ये ‘मिनिट’ एकवचनी राहतं. शिवाय ‘वॉक’ म्हणजे चाल. ‘आय न्यू हर बाय हर वॉक’, म्हणजे मी तिला चालीवरून ओळखलं. इथे मराठीचा आणि इंग्रजीचा शब्द अगदी खांद्याला खांदा लावून उभे आहेत. ‘पीपल फ्रॉम ऑल वॉक्स ऑफ लाइफ’ याचं भाषांतर ‘जीवनाच्या सर्व वाटांवरचे लोक’ असं वाचलं की मला वाईट वाटतं. ‘सर्व थरांतले लोक’ हे कितीतरी सरळ आहे.

क्रिकेटमध्ये ‘ही वॉक्ट’ म्हणजे पंचांच्या निर्णयाची वाट न पाहता आपण बाद आहोत हे मान्य करून फलंदाज निघाला. २००३च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ॲडम गिलख्रिस्ट पंचांनी बाद दिलेलं नसताना असा निघाला, आणि या एका शब्दावर जगभर चर्चा झाली. बेसबॉलमध्ये ‘वॉक’ म्हणजे चार चुकीचे चेंडू पडल्यामुळे फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला तळ (बेस). ‘वॉकओव्हर’ घोड्यांच्या शर्यतीतून आलेला शब्द आहे: प्रतिस्पर्धीच नाही, तर उरलेल्या एकट्या घोड्याने मैदान नुसतं चालून पार केलं की जिंकला. न्यायालयाच्या बातमीत ‘वॉक फ्री’ म्हणजे निर्दोष सुटणं किंवा शिक्षेविना सुटणं.

‘वॉक’ला पुढे एखादा छोटा शब्द चिकटला की अर्थ पार बदलतो. ‘वॉक आउट’ म्हणजे निषेध म्हणून बाहेर पडणं किंवा संप करणं, पण ‘वॉक आउट ऑन समवन’ म्हणजे जोडीदाराला किंवा कुटुंबाला सोडून जाणं. एका ‘ऑन’ने घर मोडतं. ‘वॉक इन ऑन समवन’ म्हणजे नको त्या क्षणी अचानक आत येणं. ‘वॉक ऑफ विथ’ म्हणजे सहज जिंकून नेणं, किंवा सरळ उचलून नेणं. कोणतं ते संदर्भच सांगतो. अपघाताच्या बातमीत ‘ही वॉक्ट अवे’ म्हणजे तो चालत गेला असं नसून फारशी इजा न होता बचावला. ‘वॉक ऑल ओव्हर समवन’ म्हणजे एखाद्याला पायपुसणं करणं. नेता आपलं विधान ‘वॉक बॅक’ करतो तेव्हा तो ते मागे घेत असतो किंवा सौम्य करत असतो.

तिसरी पायरी: प्रतिशब्द निवडणं

इथे थोडं थांबायचं आहे. शब्द निवडण्यापूर्वी मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. चालणाऱ्याला कुठे पोचायची घाई आहे का? त्याचं शरीर काय सांगतं आहे? आणि त्याच्या मनात काय आहे? बहुतेक वेळा तिन्हींपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर ठळक असतं आणि शब्द तिथेच सापडतो.

घाई नसेल तर ‘स्ट्रोल’ सर्वांत निर्धास्त. रमतगमत, आनंदाने, ठरावीक जागी पोचायची ओढ नसताना. ‘सॉन्टर’ही तसाच संथ, पण त्यात बेफिकिरी मिसळलेली असते. सभेला अर्धा तास उशिरा येऊनही जो आरामात आत शिरतो, तो ‘सॉन्टर्स इन’. वाचणाऱ्याला त्याचा थोडा रागही येतो. ‘ॲम्बल’मध्ये बेफिकिरी नाही, फक्त सैलपणा आहे. म्हातारा माणूस, अस्वल, चरत चाललेला घोडा यांना तो शोभतो. हा लॅटिनमधल्या ‘चालणं’ या क्रियापदावरून फ्रेंचमार्गे आला आणि इंग्रजीत आधी घोड्याच्या एका चालीसाठीच वापरला जाई. त्याच कुळातली ‘ॲम्ब्युलन्स’, कारण सैन्याबरोबर चालणाऱ्या फिरत्या रुग्णालयाला फ्रेंचमध्ये तसं म्हणत.

‘वॉन्डर’ म्हणजे भटकणं, दिशा न ठरवता. उच्चार जपा, कारण ‘वंडर’ म्हणजे नवल वाटणं. मनही ‘वॉन्डर’ करतं, अगदी आपलं मन भटकतं तसं. ‘रोम’मध्ये मोठा प्रदेश लागतो, एका खोलीत कुणी ‘रोम’ करत नाही. ‘मिअँडर’ वळणावळणाने जाणं. हा शब्द आजच्या तुर्कस्तानातल्या, नागमोडी वाहण्यासाठी प्राचीन ग्रीकांना माहीत असलेल्या मिअँडर नदीवरून आला. ‘रँबल’ ब्रिटिश वापरात मोकळ्या माळरानावरची लांब रपेट, पण बोलण्याबाबत तो वापरला तर पाल्हाळ लावणं.

घाई आणि निर्धार असेल तर ‘स्ट्राइड’. लांब टांगा, ताठ पाठ, कुठे जायचं ते माहीत. ‘मार्च’ म्हणजे संचलन, पण घरातही कुणी जाब विचारायला निघालं की ‘मार्च्ड इंटू द किचन’ म्हणता येतं. ‘पेस’ हा मला फार आवडणारा शब्द आहे, कारण ‘येरझाऱ्या घालणं’ याला इतकं अचूक उत्तर दुसरं नाही. शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर थांबलेला माणूस ‘पेसेस अप अँड डाउन’.

थकव्याचे शब्द एकमेकांत फार मिसळतात, म्हणून जरा तपशिलात जाऊ. ‘ट्रज’ म्हणजे जड पायांनी, दमून, बहुधा चिखलातून, चढावर किंवा ओझ्यासह जाणं. चालणाऱ्याचं मनही थकलेलं असतं. ‘प्लॉड’मध्ये पावलं तितकीच जड आणि संथ, पण थांबत नाहीत, त्यात चिकाटी आहे. म्हणून वर्षानुवर्षं निमूट काम करणाऱ्यालाही ‘प्लॉडर’ म्हणतात, जरी त्यात कौतुक कमीच असतं. ‘ट्रेप्स’ म्हणजे आपली ‘पायपीट’, कुरकुरीसकट. एका सहीसाठी चार कार्यालयं फिरावी लागली तर ‘आय हॅड टू ट्रेप्स ऑल ओव्हर टाउन’. तिथे ‘ट्रज’ही चुकीचा नाही, पण तक्रारीचा सूर जातो.

शरीर बोलत असेल तेव्हा नेमकेपणा आणखी लागतो. ‘लिंप’ म्हणजे एका पायाने लंगडणं. ‘हॉबल’ म्हणजे वेदनेने, अडखळत, खुरडत जाणं. ‘शफल’मध्ये पाय उचललेच जात नाहीत, जमिनीला घासतात, सपाता घातलेला म्हातारा किंवा मुंगीच्या पावलाने सरकणारी रांग. ‘टॉडल’ म्हणजे दुडूदुडू, आणि म्हणूनच नुकतं चालायला लागलेलं मूल ‘टॉडलर’. ‘टॉटर’ म्हणजे आता पडेल की मग पडेल असं लटपटणं. ‘स्टॅगर’ म्हणजे झोकांड्या खाणं; दारूने, माराने किंवा ओझ्याने. ‘वॉडल’ म्हणजे बदकासारखं दोन्ही बाजूंना डुलत जाणं. बदकाला चालतं, बाळालाही प्रेमाने चालतं, पण मोठ्या माणसाबद्दल, विशेषतः गरोदर किंवा स्थूल स्त्रीबद्दल हा शब्द वापरला की तो तिच्या शरीरावर शेरा होतो. त्यापासून दूर राहावं असंच मी सांगेन.

मनातलं पावलात उतरतं तेव्हाचे शब्द असे: पाय आपटत जाणं ‘स्टॉम्प’, तरातरा जाणं ‘स्टॉर्म’, रुसून फणकाऱ्याने जाणं ‘फ्लाउन्स’. छाती काढून कोंबड्यासारखं मिरवणं ‘स्ट्रट’. खांदे हलवत गुर्मीत जाणं ‘स्वॅगर’. आपण ‘ऐटीत चालतो’ हे कौतुकानेही म्हणतो, इंग्रजीत मात्र ‘स्ट्रट’ आणि ‘स्वॅगर’ यांना बहुतेक वेळा बोचरी धार असते. कौतुक करायचं असेल तर ‘स्ट्राइड’ घ्या, किंवा सरळ ‘वॉक्स विथ कॉन्फिडन्स’ म्हणा. ‘ठुमकत’साठी ‘सशे’ बराच जवळ येतो, पण ठुमक्यातला नाद त्यात नाही.

आवाज न करता जायचं असेल तर हेतू पाहा. ‘टिपटो’ चवड्यांवर, बाळ झोपलं आहे म्हणूनही असेल, त्यामुळे शब्द निरागस. ‘क्रीप’ दबकत, सावध, हळू. ‘स्नीक’मध्ये लपवाछपवी आहे. ‘प्राउल’मध्ये शिकार आहे, वाघ, चोर. ‘पॅड’ मात्र मऊ आहे: अनवाणी किंवा मोजे घालून, मांजरीसारखं. पहाटे पाणी प्यायला उठलेला माणूस ‘पॅड्स टू द किचन’, त्यात कुणाला भीती वाटण्याचं कारण नाही.

लांबच्या चालीत ‘हाइक’ आणि ‘ट्रेक’ यांची आपल्याकडे सरमिसळ होते. एका दिवसाच्या डोंगरचढाईला आपण ‘ट्रेक’ म्हणतो, इंग्रजीत ती सहसा ‘हाइक’. ‘ट्रेक’ अनेक दिवसांचा आणि कष्टाचा. डच भाषेतल्या ‘ओढणं’ या शब्दातून तो दक्षिण आफ्रिकेतल्या बैलगाड्यांच्या लांब प्रवासाचा झाला आणि तिथून इंग्रजीत आला.

आणखी दोन सूचना. पादचाऱ्याला ‘पेडेस्ट्रियन’ म्हणतात. हाच शब्द विशेषण म्हणून लेखनाला लावला तर अर्थ होतो नीरस, कल्पनाशून्य. आणि रस्त्याने चालणारा म्हणून कुणालाही ‘स्ट्रीटवॉकर’ लिहू नका, तो वेश्याव्यवसायाशी जोडलेला शब्द आहे.

चौथी पायरी: दिशा कुठे ठेवायची

क्रियापद मिळालं तरी वाक्य अडखळू शकतं. ‘ती लंगडत जिना चढली’ याचं इंग्रजी ‘शी क्लाइम्ड द स्टेअर्स बाय लिंपिंग’ असं करणारे पुष्कळ भेटतात. दोन्ही भाषांत माहिती तीच असते, फक्त तिची बसण्याची जागा उलटी होते. आपली तऱ्हा (‘लंगडत’) तिथे क्रियापद होते, आणि आपलं क्रियापद (‘चढली’) तिथे छोटं अव्यय होतं: ‘शी लिंप्ट अप द स्टेअर्स.’

हे एकदा हातात बसलं की कितीतरी वाक्यं मोकळी होतात. तो दबकत आत आला: ‘ही क्रेप्ट इन.’ ती पाय आपटत बाहेर गेली: ‘शी स्टॉम्प्ट आउट.’ तो लांब टांगा टाकत आमच्या शेजारून निघून गेला: ‘ही स्ट्रोड पास्ट अस.’ आत, बाहेर, वर, पलीकडे, शेजारून, यांच्यासाठी इन, आउट, अप, अक्रॉस, पास्ट.

यातून आणखी एक सवय सुटते. ‘ट्रज्ड स्लोली’, ‘टिपटोड क्वाएटली’ यांतली क्रियाविशेषणं काढून टाका, संथपणा आणि शांतता क्रियापदात आधीच आहे. आपल्या ‘हळूहळू’चं ‘स्लोली स्लोली’ करणं तर टाळाच, कारण द्विरुक्तीची गोडी मराठीची आहे.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना, नियम उलटा करा. ‘ही स्ट्रोड अक्रॉस द हॉल’ याचं ‘तो दालनातून चालला’ असं केलं तर माणूस पुसला गेला. ‘लांब लांब टांगा टाकत त्याने दालन ओलांडलं’ यात तो पुन्हा दिसतो. आणि ‘तुरुतुरु’सारख्या शब्दापुढे इंग्रजीला ‘विथ क्विक लिटल स्टेप्स’ असं चार शब्दांत सांगावं लागतं, तेव्हा आपली श्रीमंती किती हे कळतं.

वाक्प्रचार

थोडक्यात सांगतो, कारण इथे शब्दशः भाषांतर हा एकच खड्डा आहे. ‘वॉक अ टाइटरोप’ म्हणजे तारेवरची कसरत. ‘वॉक ऑन एअर’ म्हणजे आनंद गगनात न मावणं. ‘अ वॉक इन द पार्क’ म्हणजे हातचा मळ. ‘वॉक द टॉक’ म्हणजे बोले तैसा चाले. इथे आपल्याकडेही चालणंच आहे. ‘वॉक ऑन एगशेल्स’ म्हणजे कुणाचा पारा कधी चढेल या धास्तीने जपून वागणं. ‘टेक अ हाइक’ हे डोंगरावर जाण्याचं आमंत्रण नाही, ‘चालता हो’ आहे.

‘केकवॉक’ आज ‘अगदी सोपं काम’ म्हणून वापरला जातो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीय लोकांच्या नृत्यस्पर्धांतून तो आला. डौलदार चालीची जोडी जिंकायची आणि केक मिळवायची. हा इतिहास माहीत असलेले काही जण शब्द जपून वापरतात, आणि मला ते पटतं.

सरावाचा एक उतारा

शेवटी हे करून पाहा. ‘आजोबा रोज संध्याकाळी रमतगमत बागेत जात. त्या दिवशी ते पाय ओढत घरी आले. आजी दारात येरझाऱ्या घालत होती. नातू दुडूदुडू त्यांच्याजवळ आला. काही न बोलता ते सगळ्यांच्या शेजारून आपल्या खोलीत गेले.’

आधी स्वतः लिहा, मग पुढे वाचा.

‘एव्हरी ईव्हनिंग ग्रँडफादर स्ट्रोल्ड टू द पार्क. दॅट डे ही ट्रज्ड होम. ग्रँडमदर वॉज पेसिंग अप अँड डाउन ॲट द डोअर. द लिटल बॉय टॉडल्ड अप टू हिम. विदाउट अ वर्ड, ही वॉक्ट पास्ट देम इंटू हिज रूम.’

शेवटच्या वाक्यात मी मुद्दाम ‘वॉक्ट’ ठेवला आहे. ‘स्टॉर्म्ड’ लिहिलं असतं तर आजोबा रागावलेले ठरले असते, ‘शफल्ड’ लिहिलं असतं तर खचलेले. मराठी वाक्यात नुसतं ‘गेले’ आहे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते कुणालाच कळलं नाही, आजीलाही नाही, आणि ‘वॉक्ट’ ते कळू देत नाही.